महाराजबागेची वाट

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या कारंजात 'नागपूर पाहणं' म्हणजे काय, हे ठरलेलं होतं: महाराजबाग, अजब बंगला म्हणजे तिथलं वस्तुसंग्रहालय, आणि वेळ उरलाच तर अंबाझरीचा तलाव. दिवाळीच्या सुमारास कापसाचा पहिला वेचा विकला गेला की घरोघरी हा बेत शिजायचा. पहाटेच्या एसटीत शिदोरीसकट सगळं घर चढायचं. कोंढाळी, बाजारगाव, वाडी असं करत पाऊणशे किलोमीटर मागे पडायचे. गणेशपेठच्या स्टँडवर उतरलो की आई म्हणायची, "लेकाहो, एकमेकाचा हात सोडू नका."

बागेत शिरलं की मात्र हात सुटायचेच. वाघाच्या पिंजऱ्यासमोरची गर्दी, हरणांपुढे खोळंबलेली बारकी पोरं, मोर ओरडला की एकदम वळणाऱ्या माना. शेतात रोही पाहिलेल्या आम्हाला हरणांचं अप्रूप नव्हतं. वाघाचं होतं. बोरचं जंगल आमच्याच तालुक्याला लागून, गोठ्यातलं जनावर वाघानं नेल्याच्या गोष्टी कायमच्या. पण तोच वाघ समोर शांत बसलेला पाहायला मिळे तो इथंच.

नावाप्रमाणे ही बाग महाराजांचीच, नागपूरकर भोसल्यांची. शहर वसवलं ते 1702च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शहानं. भोसल्यांनी ते राजधानी म्हणून वाढवलं, तलाव बांधले, बागा लावल्या. डिसेंबर 1853मध्ये तिसरे रघुजी वारले आणि दत्तक वारस नाकारून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. बागेत प्राणिसंग्रहालय आलं ते 1894 साली. शेजारी शेतीची शाळा होतीच. 1906मध्ये तिथं कृषी महाविद्यालय उभं राहिलं. पुढे 1969मध्ये अकोल्याचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं, त्याला देशाचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव मिळालं आणि महाराजबागेचा कारभारही त्याच विद्यापीठाकडे गेला.

मला या बागेचा खरा अभिमान वाटतो तो इथं. शहरातली बाग म्हटली की ती बहुधा महापालिकेची असते, ही शेतीशास्त्र शिकवणाऱ्यांची आहे. राजाच्या मागून तिला धनी मिळाला तो शेतकऱ्यांच्या नावानं चालणारा. वडील आम्हाला माकडांपाशी सोडून रोपवाटिकेकडे का वळायचे, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही सहलीला यायचो. ते आपल्या माणसांकडे यायचे. कोणती कलमं आली, खत काय घालता, बहार कसा धरावा, हेच त्यांचे प्रश्न.

संत्र्याचा धागा तर थेट भोसल्यांपर्यंत जातो. नागपुरी संत्र्याची रोपं रघुजीराजांनी औरंगाबादेहून आणवली, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. आज काटोल, आष्टी, कारंजापर्यंत ते झाड पसरलं आहे.

बाग राजाची की लोकांची, हा फरक दाखवणारं एक परदेशी उदाहरण आहे: जगातल्या नावाजलेल्या जुन्या करमणुकीच्या बागांत मोडणारं कोपनहेगनचं टिवोली. गेऑर्ग कार्स्टेन्सेन या गृहस्थानं राजाची परवानगी काढून तटाबाहेरच्या जागेवर ते उभारलं आणि 15 ऑगस्ट 1843 रोजी लोकांना खुलं केलं. जुन्या खंदकाचं पाणी आज तिथं तळं होऊन राहिलं आहे. 1914चा लाकडी रोलर कोस्टर अजून धावतो. टिवोली पहिल्या दिवसापासून तिकीट काढणाऱ्या लोकांचं होतं. 1843मध्ये आपल्याकडे तिसरे रघुजी गादीवर होते आणि महाराजबाग त्यांची खाजगी होती. 

महाराजबागेचे दिवस सोपे गेले नाहीत. 2018च्या अखेरीस केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं तिची मान्यता रद्द केली होती. दाद मागितल्यावर ती टिकली. 26 जानेवारी 2021 रोजी नागपूरच्याच गोरेवाड्याची भव्य प्राणी-सफारी सुरू झाली, आणि प्राण्यांना तिथं मिळणारी मोकळी जागा पाहिली की जुन्या पिंजऱ्यांची बाजू घ्यावीशी वाटत नाही. तरीही ही बाग टिकली पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन. सीताबर्डीच्या बाजारापासून चालत पोचता येईल, झाडाखाली शिदोरी सोडता येईल आणि चार लेकरांच्या बापाला खिसा चाचपावा लागणार नाही, अशा जागा मोठ्या शहरांत उरल्यात किती? तिथली जुनी झाडं तर पैसे मोजूनही नव्यानं उभी करता येत नाहीत.

जायचं तर थंडीत जा. कृषी महाविद्यालयाकडून याच दिवसांत शेवंतीची प्रदर्शनं भरत आली आहेत; एका फुलाचे किती रंग निघू शकतात ते तिथं पाहावं. सोमवार टाळा, प्राणिसंग्रहालय बंद असतं. सकाळी अजब बंगला, दुपारी बाग असा क्रम ठेवला तर लेकरं थकत नाहीत. आणि परतीच्या एसटीत रोपवाटिकेतलं एखादं रोप राहील एवढी जागा पिशवीत आधीच करून ठेवा.