मार्लवाई व डोंगरावरील गावे : स्थिती आणि भवितव्य

आमच्या बाजारात जो माल येतो त्याचा भाव, प्रत व आवक यांची चर्चा आपण व्यापारी नित्य करतो. परंतु तो ज्या गावांतून येतो त्या गावांचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो. या वर्षीच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याची सूचना झाली तेव्हा भावांचे कोष्टक बाजूस ठेवून उटनूरच्या डोंगराळ भागातील एका गावाविषयी लिहावे असे आम्हांस वाटले. ते गाव म्हणजे मार्लवाई.

मार्लवाई हे राजगोंडांचे गाव जैनूरजवळ आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार भाग झाले, तेव्हापासून ते कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. सीमा बदलण्याचा अनुभव या प्रदेशास नवा नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा किनवट व राजुरा हे भाग आपल्या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. पुढे २०१४ साली तेलंगण झाले. राज्ये बदलली, तरी डोंगरावरील माणूस बाजारात येऊन आमच्याशी आजही मराठीतच बोलतो.

या लहानशा गावाचे नाव परदेशांतील विद्वानांनाही ठाऊक आहे. १९४० साली जोडेघाट येथे कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडले. जमीन व जंगल यांवरील हक्कासाठी गोंड शस्त्र का उचलतात, हे पाहण्याची गरज त्यानंतर निजाम सरकारास भासली. ते काम ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. ते पत्नी बेट्टी यांच्यासह मार्लवाईस झोपडीत राहिले. १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली आणि गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत निघाली. मराठी या लोकांच्या परिचयाची असल्यामुळे ही लिपी त्यांना सोयीची पडली. त्या दशकात आदिवासींना सुमारे १ लाख ६० हजार एकर जमिनीचे पट्टे मिळाले. बेट्टीबाई १९८७ साली व हायमेनडॉर्फ १९९५ साली निवर्तले. दोघांच्याही समाध्या मार्लवाईत आहेत आणि गावकरी त्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या मानून जपतात.

मराठी वाचकांस अभिमान वाटावा असे दुसरे नाव म्हणजे सेतुमाधवराव पगडी. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु हैदराबादच्या नोकरीत असताना त्यांनी याच जिल्ह्यात आदिवासींमध्ये काम केले आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकावी, हा धडा व्यापाऱ्यानेही गिरवावा असा आहे.

आता आपल्या वर्गाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. जुन्या काळी मीठ, कापड व रोकड घेऊन व्यापारी डोंगरावर जात आणि ज्वारी, तीळ, मोहाची फुले, चारोळी व डिंक घेऊन परत येत. यात परस्परांची सोय होती. परंतु सवाई-दिढीने दिलेले धान्य, सही-अंगठ्याचे कागद आणि दुष्काळी वर्षातील उसनवारी यांच्या योगाने कित्येकांच्या जमिनी हातच्या गेल्या, हेही तितकेच खरे. रस्ते झाले तसा बाहेरच्या लोकांचा ओघ वाढला. म्हणूनच १९५९ चा जमीन हस्तांतरणविषयक कायदा १९६३ साली तेलंगणास लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीने घेण्यास पूर्ण बंदी झाली. हा कायदा व्यापाराच्या आड येतो असे काही बंधू म्हणतात. आमचे मत निराळे आहे. जमीन ज्याची त्याच्याकडे राहिली तरच माल दरवर्षी बाजारात येईल. शेतकरी मजूर झाला, तर व्यापाऱ्याचेही एक घराणे तुटते.

आजची स्थिती पाहू. वीज आली, रस्ते झाले, आश्रमशाळा झाल्या. मुले तेलुगू व इंग्रजी शिकतात. तथापि शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर आहे. ज्या रानात ज्वारी, तूर व बारीक धान्ये एकत्र पिकत, तेथे आता कपाशी व सोयाबीन दिसते. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाल्यावर हा फेर वेगाने झाला. रोख पैसा हाती येतो हे खरे. परंतु बियाणे, खत व औषध यांसाठी उधारीही आधीच करावी लागते, आणि जे घर पूर्वी स्वतःच्या कणगीतील ज्वारी खाई ते आता स्वस्त धान्याच्या दुकानातील तांदळावर अवलंबून राहते. धान्याचे व्यापारी म्हणून आम्ही हे जवळून पाहिले आहे. डोंगरावरून ज्वारीची पोती उतरत, तेथून आता बहुधा कापसाच्या गाड्या उतरतात.

या कापसाचेही एक गणित आहे. सरकारी खरेदी ८ टक्के ओलावा धरून हमीभाव देते. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कमी होत जातो आणि १२ च्या वर गेल्यास माल नाकारला जातो. जवळच्या गावचा शेतकरी माल परत नेऊन वाळवील. परंतु डोंगरावरून भाड्याच्या गाडीने आलेला मनुष्य काय करणार? परतीचे भाडे त्याला परवडत नाही. मग जो भाव मिळेल त्या भावाने तो माल टाकून जातो. दूरच्या गावाचे दारिद्र्य पुष्कळदा असे वाटेतच घडते.

असे असूनही या गावांत निराशा नाही. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे ताफे गावोगाव फिरतात व मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नाचतात. मार्लवाईचेच गुसाडी नर्तक कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते गेले. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेस पौष अमावास्येला मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी आणतात. जैनूरजवळील उशेगावच्या ओतीव धातुकामास, म्हणजे आदिलाबाद ढोकऱ्यास, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उटनूरच्या आदिवासी भगिनी मोहाच्या फुलांचे लाडू करून विकतात आणि त्यांस चांगली मागणी आहे. जो मोहा पूर्वी पोत्याने व कवडीमोलाने जाई, त्याचे मोल गावातच वाढू लागले आहे.

आमच्या मते भवितव्याची दिशा हीच आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. शहरांतून ज्वारी व बारीक धान्यांस मागणी वाढली. डोंगरावरील शेतकऱ्याने कपाशीबरोबर चार ओळी ज्वारीच्या व दोन तुरीच्या ठेवल्या, तर घरचे पोट भरून उरलेल्यास चांगला भाव येईल. परंतु तो भाव त्याच्या हाती पडणे हे आपल्यावर अवलंबून आहे.

म्हणून सभासद बंधूंपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, डोंगरावरून आलेल्या गाडीचे माप त्याच दिवशी, त्याच्या डोळ्यांसमोर काट्यावर व्हावे आणि पट्टीत कडता लावू नये. कमी-अधिक माप हा तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार आहे, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. दुसरी, ओलाव्यामुळे नाकारलेला माल वाळविण्यासाठी यार्डात दोन दिवस जागा मिळावी म्हणून संघाने बाजार समितीकडे मागणी करावी. तिसरी, ज्वारी व तूर यांचा किमान भाव पेरणीपूर्वीच लेखी सांगून ती गावात जाऊन खरेदी करावी, म्हणजे वाहतुकीचा बोजा शेतकऱ्यावर पडणार नाही.

यात आपले नुकसान नाही. ज्या गावाला आपल्या काट्याचा विश्वास वाटतो, त्या गावची गाडी पुढच्या वर्षीही आपल्याच दारी येते. मार्लवाईच्या माणसांनी परक्या देशातून आलेल्या दोघांना आपले मानले, कारण त्यांनी गावाचे काही नेले नाही. शेजारच्या बाजारात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपणांसही त्याच कसोटीवर उतरता आले पाहिजे.