नाव कोण लिहितं?

विज्ञानाची वाट : भाग 6

मागच्या भागात प्रयोगवहीतली एक नोंद शोधनिबंधापर्यंत कशी पोचते ते आपण पाहिलं. तो भाग वाचलेल्या एका पालकांनी मला सिरसाळ्याच्या रस्त्यावर थांबवलं. बीडच्या गाडीची वाट बघत उभे होते. म्हणाले, "सर, शोध लागला, निबंध छापून आला, मग पुरस्कार मिळतो म्हणतात. तो देतं कोण? अन् आमच्या लेकराचा तिथं कधी नंबर लागंल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहितीचं आहे. दुसऱ्याचं बरंचसं आपल्याच हातात आहे. आजचा भाग या दोन्ही उत्तरांसाठी.

संशोधनाचा मान

आपल्याकडे बोअर घेताना मशीन मध्येच अडकलं की शेतकऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो, ते सांगायला नको. स्वातंत्र्यापूर्वी रावळपिंडीजवळ तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या स्टील ब्रदर्स कंपनीचंही असंच झालं होतं. खोदताना वापरायचा चिखल खाऱ्या थराला लागला की घट्ट व्हायचा आणि काम ठप्प पडायचं. लाहोरच्या प्राध्यापक शांतीस्वरूप भटनागरांनी त्या चिखलात देशी डिंक मिसळायला सांगितला. चिखल घट्ट व्हायचा थांबला आणि खोदकाम पुढे सरकलं. खूश होऊन कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले. भटनागरांनी ते स्वतःसाठी घेतले नाहीत, विद्यापीठातल्या संशोधनासाठी द्यायला लावले.

हेच भटनागर पुढे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, पहिले प्रमुख झाले. 1955 मध्ये ते गेले आणि 1958 पासून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. पहिला मान भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांचा. 1961 मध्ये रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी हा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्या मराठी माणसांपैकी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, 1982 मध्ये रघुनाथ माशेलकर आणि 1986 मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ही नावं या यादीत आहेत. पंचेचाळिशीच्या आतल्या संशोधकांसाठी असलेला हा पुरस्कार कित्येक दशकं देशातला सर्वांत मानाचा समजला गेला.

2024 पासून त्याची जागा राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांनी घेतली. ते चार प्रकारचे आहेत. आयुष्यभराच्या कामासाठी विज्ञान रत्न, ठळक योगदानासाठी विज्ञान श्री, तरुण संशोधकांसाठी विज्ञान युवा आणि मिळून केलेल्या कामासाठी विज्ञान टीम. भटनागरांचं नाव विज्ञान युवा पुरस्काराला जोडून राहिलं आहे. या पुरस्कारांत रोख रक्कम नाही, पदक आणि सनद असते. पहिल्या वर्षीचा टीम पुरस्कार चांद्रयान 3 च्या चमूला मिळाला. चंद्रावर यान उतरवणं एकट्यादुकट्याचं काम नाही, आणि हे पुरस्काराच्या रचनेतच मान्य झालं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पदवी नसेल तर?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे थोडीशी जमीन कसणारे शेतकरी. शिक्षण जेमतेम. 1983 मध्ये त्यांना आपल्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यांचा रंग निराळा होता. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्या धानाबरोबर झोडपून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात बांधीत वेगळ्या लावल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत राहिले. त्यातून बारीक दाण्याचं, भरघोस उताऱ्याचं वाण तयार झालं. त्या काळात लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्या वाणाचं नाव पडलं एचएमटी. आज आपण दुकानात ज्या तांदळाचा भाव विचारतो, तोच हा. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींना मिळाला. वेगळं काही दिसलं, ते वेगळं ठेवलं, पुन्हा लावून पाहिलं. प्रयोगशाळेतही हेच करतात.

शिकवणाऱ्यांचा आणि सांगणाऱ्यांचा मान

माशेलकर मुंबईत युनियन हायस्कूलमध्ये शिकत होते. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची. एके दिवशी भावे सरांनी मुलांना उन्हात नेलं, भिंग धरलं आणि सूर्याची किरणं एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला. शक्ती अशी एकाग्र केली की काहीही साध्य होतं, असं त्यांनी मुलांना सांगितलं. माशेलकर आजही ही आठवण सांगतात. भटनागर पुरस्कार माशेलकरांना मिळाला, पण त्यामागे भावे सरांचं भिंग आहे.

अशा शिक्षकांसाठी राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार आहे. तोही 1958 पासूनचा. 5 सप्टेंबरला तो दिल्लीत दिला जातो. 2018 पासून शिक्षक त्यासाठी स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतात.

विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांसाठीही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. पुस्तकं, नियतकालिकं, मुलांमधलं काम, लोककलेसारखी पारंपरिक माध्यमं, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी, असे त्यांचे विभाग होते. मुलांमधल्या कामाचा पहिला पुरस्कार 1988 मध्ये अरविंद गुप्तांना मिळाला. टाकाऊ वस्तूंपासून शास्त्रीय खेळणी करणारे हे अभियंते पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये बरीच वर्षं होते. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर ते भूमितीचे आकार उभे करून दाखवतात. आपल्या शाळेत हे साहित्य आजही दहा-वीस रुपयांत येतं.

याच वाटेवर नारळीकर पुन्हा भेटतात. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती कथा आपल्या हाताने लिहून काढली होती. तोवर नारळीकरांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. तरी आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये, एवढी त्यांची निष्ठा. विज्ञान प्रसारासाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांना 1996 मध्ये मिळाला. 20 मे 2025 रोजी ते गेले आणि त्याच वर्षीचा विज्ञान रत्न त्यांना मरणोत्तर जाहीर झाला.

नारळीकरांनी नाव झाकलं तरी त्यांचं काम परीक्षकांच्या टेबलावर पोचलं होतं. आपल्या भागाची अडचण याच्या बरोबर उलटी आहे. इथे काम असतं, कल्पना असते, पण तिच्यापुढे मुलाचं नाव लिहून ती वर पाठवणारं कुणी नसतं.

सिरसाळ्याचं दार

अशी कल्पना वर पाठवायचं एक दार आहे, इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेचं. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि दादाजींचा गौरव करणारं तेच राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून ती राबवतात. सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेने पोर्टलवर भरायच्या, एका शाळेतून पाचपर्यंत. देशभरातून येणाऱ्या कल्पनांपैकी एक लाख निवडायच्या, असं योजनेचं उद्दिष्ट. निवड झाली की प्रतिकृती करायला दहा हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. मग जिल्हा, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय प्रदर्शन. राष्ट्रीय पातळीवर हजार मुलं पोचतात आणि साठ कल्पनांचा गौरव होतो. पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही. शाळेने नाव भरावं लागतं, एवढंच.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. सातवीतली एक मुलगी तास संपल्यावर माझ्याजवळ आली. तिचे आईवडील कोयत्यावर जायचे. तिने वहीच्या मागच्या पानावर एक फळी काढली होती. फडात ट्रक भरताना डोक्यावर उसाची मोळी घेऊन ज्या फळीवरून चढतात, ती. पहाटे दवाने फळी ओली होते, पायाला चिकटलेलं पाचट सरकतं आणि आई मोळीसकट घसरते, असं ती म्हणाली. जुन्या टायरच्या पट्ट्या आडव्या ठोकल्या आणि फळीच्या कडेला धरायला दोर बांधला तर? तिने पट्ट्यांमधलं अंतर आईच्या पावलाने मोजलं होतं.

मी "छान आहे" म्हणालो आणि वही परत दिली. यात विज्ञान काय, असं तेव्हा मला वाटलं. त्या वर्षी आमच्या शाळेतून गेलेल्या कल्पना पुस्तकातून उचललेल्या होत्या. दसरा झाला, मुकादमाची गाडी आली आणि ती मुलगी आईवडिलांबरोबर गेली. पाडव्याच्या सुमाराला परतली तेव्हा सगळी प्रदर्शनं उरकली होती. घर्षण म्हणजे काय ते मी वर्गात शिकवत होतो आणि घर्षणाचा प्रश्न सोडवून आलेली मुलगी मला ओळखता आली नाही. ही चूक माझी होती, आणि मी ती विसरलेलो नाही.

म्हणून शिक्षकमित्रांना एक कळकळीची विनंती. या योजनेत नावं भरण्याचा काळ साधारण जून ते सप्टेंबर असतो. आपली ऊसतोडीची लेकरं तोवर गावातच असतात. परळीच्या औष्णिक केंद्राची राख, वीटभट्टीची आच, टँकरच्या रांगेतली घागर, आईच्या हातातला कोयता यांबद्दल ती जे सांगतात ते आत्ताच ऐकून घ्या. नाव भरताना आजीचा किंवा शेजाऱ्याचा फोन नंबर नोंदवून ठेवा, म्हणजे पोरगं फडात असलं तरी निवडीचा निरोप त्याच्यापर्यंत पोचेल. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची नावं आधी घ्या. प्रदर्शनाच्या दिवसांत ती इथेच असणार आहेत.

आणि पालकहो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की नंबर लागेलच असं मी सांगू शकत नाही. पण उद्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, "यंदाची पाच नावं कोणती?" आपलं लेकरू घरी काय खटपट करतं, तेही त्यांच्या कानावर घाला.

*पुढच्या भागात : डोक्यातली कल्पना कागदावर कशी मांडायची. अडचण, उपाय आणि आकृती, तिन्ही एका पानात.*