‘लिटरली’ : शब्दशः आणि शब्दापलीकडे

इंग्रजीतले ‘लिटरली’ हे क्रियाविशेषण ‘अक्षर’ या अर्थाच्या लॅटिन ‘लिटेरा’ या शब्दावरून आले. पंधराव्या शतकात ते इंग्रजीत आले तेव्हा त्याचा संबंध मजकुराशी होता. रूपक बाजूला ठेवून जसे लिहिले आहे तसेच वाचायचे, एवढाच त्याचा अर्थ. बायबलचा अर्थ लावणाऱ्यांना हा भेद पदोपदी लागे.

सतराव्या शतकात हा शब्द खऱ्या विधानाला जोर देऊ लागला. ‘हे वाढवून सांगितलेले नाही’ असे त्यातून सुचवायचे असे. जॉन ड्रायडनच्या 1687 च्या काव्यात असा वापर आहे. एकदा जोर देण्याची सवय जडली की पुढचे वाक्य खरे आहे की आलंकारिक, हे कोण पाहत बसतो? आलंकारिक वाक्यातला ‘लिटरली’ फ्रान्सिस ब्रूक यांच्या 1769 च्या कादंबरीत सापडतो. पुढे डिकन्स आणि जॉइस यांनीही तो बिनदिक्कत वापरला. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर कुंपण रंगवायचे काम इतर पोरांच्या गळ्यात मारतो आणि मोबदल्यात मिळालेल्या गोट्या, काचेचा तुकडा, निकामी किल्ली अशा ऐवजावर ‘लिटरली’ श्रीमंत होतो.

आक्षेप मात्र बऱ्याच उशिरा आले. लेखक अँब्रोज बिअर्सने 1909 मध्ये आणि कोशकार फाउलरने 1926 मध्ये या वापरावर टीका केली. गंमत अशी की 1909 च्याच वेब्स्टर कोशात त्याची नोंद झाली होती. 2013 मध्ये कोशांतल्या अशा नोंदी बातम्यांत झळकल्या आणि इंग्रजी बुडाल्याची ओरड झाली.

शब्दाचा अर्थ उलटा झाला, हा टीकाकारांचा मुख्य मुद्दा. पण तो टिकत नाही. ‘मी हसून लिटरली मेलो’ या वाक्यात अलंकार ‘मेलो’मध्ये आहे, ‘लिटरली’ फक्त वजन वाढवतो. ‘व्हेरी’चाही मूळ अर्थ ‘खरा’ असाच होता. मराठीतला ‘अक्षरशः’ही याच वाटेने गेला आहे: ‘घामाने अक्षरशः आंघोळ झाली’ म्हणणाऱ्याला कोणी टॉवेल आणून देत नाही.

गप्पांत आणि कथेत हा वापर चालतो. करारपत्र, बातमी किंवा वैद्यकीय अहवाल लिहिताना मात्र ‘लिटरली’ मूळ अर्थानेच वापरावा.