नेकनूरच्या माळाचा ताळेबंद

मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागले की बालाघाटाच्या पठारावर नेकनूर येते. इथल्या आठवडी बाजारात जनावरांची मोठी उलाढाल होते. शेळीची, बैलाची, म्हशीची किंमत तिथे ठरते. ती जनावरे ज्या माळावर वाढली, त्याची किंमत मात्र कुठेच ठरत नाही. महसुली दप्तरात त्या माळाला गायरान, पडीक किंवा सातबाऱ्यावरचा पोटखराबा एवढीच ओळख आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते, बोरी-बाभळी, दगडांच्या सांदीत वाढलेली सीताफळे आणि गवतामुळे रेंगाळून जमिनीत मुरणारे पाणी, या सगळ्याचा हिशोब मांडण्याचे काम गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारनेच अंगावर घेतले आहे. ते किती झाले आणि कसे झाले, हे आता तपासायला हवे.

देशाच्या पातळीवर सुरुवात चांगली झाली. अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये राष्ट्रीय लेख्यांत निसर्गसंपत्ती कशी धरावी याचा आराखडा दिला. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि युरोपीय संघाच्या मदतीने ब्राझील, चीन, मेक्सिको व दक्षिण आफ्रिकेबरोबर भारतातही परिसंस्थांच्या लेखांकनाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून ‘एन्व्हीस्टॅट्स इंडिया’ हे प्रकाशन काढते. हे काम मोलाचे आहे. पण राज्याराज्यांच्या तक्त्यांत नेकनूरचा माळ दिसत नाही, आणि जिथे दिसतो तिथे तो ‘पडीक’ म्हणून दिसतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी २०२२ मध्ये देशातील गवताळ, झुडपी, खुल्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. देशाच्या भूभागापैकी सुमारे १० टक्के जमीन त्यात येते, आणि तिचा बहुतांश भाग सरकारी नकाशांत पडीक म्हणून रंगवलेला आहे. भांडवलालाच नापीक ठरवल्यावर त्याचे व्याज कुठल्या रकान्यात दाखवणार?

महाराष्ट्राने मात्र हा माळ मोजायचे ठरवले होते, आणि याचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. माधव गाडगीळ यांच्या कल्पनेतून, राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने २०१४ पासून ‘महाराष्ट्र जनुक कोश’ हा संशोधन प्रकल्प चालला. २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याचे रूपांतर मोठ्या कार्यक्रमात केले: पाच वर्षे, १७२ कोटी ३९ लाख रुपये, सात विषय. त्यांत स्थानिक पीकवाण आहेत, देशी पशुधन आहे, गोड्या पाण्यातील जैवविविधता आहे, आणि गवताळ व चराऊ जमिनी हा स्वतंत्र विषय आहे. लाल कंधारी गाय, उस्मानाबादी शेळी, कोरडवाहू ज्वारी-बाजरीचे जुने वाण, माळावरचे गवत, म्हणजे नेकनूरच्या परिसराचे जवळजवळ सगळे जगणे या यादीत बसते. ठरावापासूनची पाच वर्षे २०२७ मध्ये पुरी होतील. त्या वेळी प्रशिक्षणे किती झाली, अहवाल किती निघाले, निधी किती खर्ची पडला, एवढ्यावर मूल्यमापन आटोपले तर ते वाया गेले असे मी म्हणेन.

ही भीती मनाची नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही करायची होती. पहिली कित्येक वर्षे हे काम जवळपास ठप्प होते. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपये दंडाची तंबी दिली. त्यानंतर काही वर्षांत देशभरात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या! जाणत्यांबरोबर ऋतूमागून ऋतू शिवार फिरून भरायची ही वही. ती दंडाच्या धाकाने अशा वेगाने भरली, तर तिच्यात गावाचे ज्ञान किती उतरले असेल? बीड जिल्ह्यात त्यात आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेतलेले हजारो कोयते, म्हणजे ऊसतोडणीची जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गवत, औषधी झाडे, पाणवठे ज्यांना तोंडपाठ, त्यांतली कितीतरी माणसे नेमकी हिवाळ्यात गावात नसतात. सर्वेक्षण करणारे पथक डिसेंबरात आले तर ते कोणाला विचारणार?

मूल्यमापन उशिरा आणि दुसऱ्याच टोकाने झाले की काय होते, याचा धडा याच जिल्ह्याने दिला आहे. जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण अभियानाच्या तपासणीसाठी महालेखापरीक्षकांनी सहा जिल्ह्यांतील १२० गावे निवडली. त्यात बीड होता. २०२० च्या सप्टेंबरात विधिमंडळापुढे आलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम फारसा झाला नाही. राजकारणाने त्यातून आपापले अर्थ काढले. मला त्यातली शास्त्राची गोष्ट महत्त्वाची वाटते. बालाघाट हा बेसॉल्टचा. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते मुरुमात आणि खडकाच्या भेगांत साठते. एका ओढ्याखाली भेगाळलेला थर असतो, शेजारच्या ओढ्याखाली नसतो. म्हणून किती नाले खोल केले या आकड्यावरून विहिरीचे पाणी कळत नाही. शिवाय २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच वर्षी पावसाळा चांगला झाला. भरलेली विहीर पावसाने भरली की बांधाने, हे सांगायचे तर तेवढाच पाऊस झालेली, पण काम न झालेली शेजारची गावे तुलनेला हवीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. म्हणजे साधन हाताशी होते. कामाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे गावाच्या पातळीवर शेजारी शेजारी मांडायची शिस्त हवी होती.

जनुक कोशाला हीच कसोटी लावावी. नेकनूरच्या पश्चिमेला, पाटोदा तालुक्यात, नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये जाहीर झालेले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. तिथली जमीन आणि नेकनूर भागातली उघडी गायराने अशी जोडी निवडता येईल. दोन्हीकडे गवताच्या जाती, एकरी चारा, ओढा पावसानंतर किती आठवडे वाहतो, आणि मेंढपाळ कुठवर चारायला येतात, हे पाच-पाच वर्षांनी त्याच जागी मोजावे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डोंगरावरची रानझाडे तोडली जातात की राखली जातात, फळे तोडणाऱ्या बायांच्या हाती भावातला किती वाटा येतो, हेही त्यातच यावे. आणि एक प्रश्न मी सगळ्यात वर ठेवीन: या नोंदींमुळे एखादा निर्णय बदलला का? एखादे गायरान सौर प्रकल्पाला किंवा खाणीला देताना कोणी ही वही उघडली का? उघडली नसेल, तर संशोधन कितीही नेटके असले तरी कार्यक्रम अपुरा ठरवावा.

मूल्यमापन करणारे पुण्या-मुंबईचे असायला हरकत नाही. परिसंस्थेचा अभ्यास असलेली, आकडेवारी जाणणारी माणसे त्यात हवीतच. पण गावच्या नोंदवहीचे वाचन ग्रामसभेत दसऱ्याच्या आधी व्हावे. तेव्हा गवत कमरेएवढे असते, मेंढपाळ माळावर असतात आणि कोयते अजून घरी असतात.