चुंबकाने नैराश्य बरे होते का?

दिवेआगरमधल्या एखाद्या पालकाने शिक्षकाला असे विचारले, तर उत्तराची सुरुवात प्रयोगशाळेतच करता येईल. तारेच्या वेटोळ्यात पट्टीचुंबक आतबाहेर करा, गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो. चुंबक स्थिर ठेवला की काटा शून्यावर. फॅरेडेने 1831 मध्ये शोधलेले हेच ते प्रवर्तन. (बाजारात मिळणाऱ्या चुंबकाच्या माळा स्थिरच असतात, हेही येथेच सांगून टाकावे.)

1985 मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी डोक्याशी वेटोळे धरून त्यातून क्षणभर जोरदार विद्युतप्रवाह सोडला. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे कवटीआडच्या चेतापेशींत सूक्ष्म प्रवाह निर्माण झाला आणि हाताचे स्नायू आखडले! नैराश्यात कपाळामागच्या डाव्या भागाला असे स्पंद देतात, बहुधा सेकंदाला 10. भूल लागत नाही, रुग्ण जागा असतो. हा ‘शॉक’ नव्हे. औषधाने गुण न आलेल्यांसाठी अमेरिकेत याला 2008 मध्ये मान्यता मिळाली. गुण सर्वांनाच येतो असे नाही. क्वचित फेफरे येते आणि डोक्यात धातू बसवलेला असेल तर बहुधा हा उपचार करत नाहीत.

खरी अडचण अंतराची. आठवड्याचे 5 दिवस, 4 ते 6 आठवडे जावे लागते. सोय मुंबई-पुण्यात. सुपारीची वाडी सोडून महिनाभर तेथे राहणे किती जणांना जमेल? म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञ, औषधे आणि समुपदेशन. 2022 पासून 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.