नंबर विचारू नका, पाय मोजा

मी कविता लिहिणारा माणूस. बूट कसे निवडावेत यावर मी बोलावं, याचं काहींना हसू येईल. पण या विषयाची शिकवणी मला फार महाग पडली आहे. ती ऐकून कुणाचं एखादं बोट जरी वाचलं, तरी आजचं बोलणं कारणी लागलं असं मी समजेन.

2011 साली रमजान ईदला मी अब्बांसाठी चालायचे बूट आणले. अब्बा एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांना मधुमेह जडला आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आयुष्यभर ते आठ नंबर घालत आले, म्हणून मीही आठ नंबरच उचलला. त्यांना दुकानात नेलं नाही. घरी बूट चढवून त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. ‘‘चावतात का, अब्बा?’’ मी विचारलं. ‘‘छे रे, लोण्यासारखे आहेत,’’ ते म्हणाले. आठवड्यानं धुवायला टाकलेल्या मोज्यावर अम्मीला रक्ताचा डाग दिसला. करंगळी सोलवटून निघाली होती. जखम चिघळली आणि शेवटी ती करंगळी काढावी लागली.

अब्बा खोटं बोलले नव्हते. मधुमेह जुना झाला की पायाच्या संवेदना बधिर होऊ शकतात. रक्तपुरवठाही कमी पडला, तर जखम लवकर भरत नाही. ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ असं आपण म्हणतो. इथे ज्याचं जळत होतं त्यालाच कळलं नव्हतं. तेव्हा बूट बरा की वाईट, हे नुसतं पायाला विचारून भागत नाही. हाताला आणि डोळ्यालाही विचारावं लागतं.

आधी नंबराचं. आपल्याकडची सात, आठ, नऊ ही मोजणी मूळची इंग्रजी. तिच्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. पण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, त्यामुळे एकीचा आठ दुसरीच्या आठाशी जुळेलच असं नाही. शिवाय हा नंबर लांबीचा. रुंदीबद्दल तो काही बोलत नाही. आणि वय वाढतं तसा पाय पसरतो, म्हणून तरुणपणीचा नंबर म्हातारपणी धरून बसू नये.

म्हणून कागद घ्या. त्यावर उभं राहून दोन्ही पायांची रेघ काढा. बसून नको, कारण अंगाचा भार पडला की पाय लांबरुंद होतो. ती आकृती कापून दुकानात न्या. बुटातला सुखतळा बाहेर निघत असेल, तर त्यावर ठेवा. कागद कडेबाहेर आला, तर तो बूट तुमचा नाही. दोन पायांत बहुधा एक थोडा मोठा असतो. त्याच्याच मापाचा बूट घ्या.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा सुजतो. सकाळी बेताचा झालेला बूट संध्याकाळी आवळतो. रोजचेच मोजे बरोबर न्या. बूट घालून उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, हे विसरू नका. बोटं आत हलवता आली पाहिजेत, मात्र चालताना टाच वर निसटता कामा नये. दुकानात गालिचा असेल, तर त्यावरून खाली उतरून फरशीवर चाला. ‘‘वापरून वापरून सैल होतील, काका,’’ असं दुकानदार म्हणाला, तर बूट खाली ठेवा. चामडं थोडं रुंदीला ताणतं, पण बूट लांबीला वाढत नाही.

आता हाताची परीक्षा. बुटाचं टोक जमिनीला टेकवून दाबा. जिथे आपला चवडा वाकतो, तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला, तर पायाला आधार देणार नाही. दोन्ही टोकं धरून पिळून पाहा. ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर नको. टाचेमागचा भाग चिमटीत दाबा, तो टणक हवा. मग आत हात घालून बोटं सगळीकडे फिरवा. जी शिवण हाताला खुपते, ती पायाला सोलते. शेवटी बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. नवा बूटच एका बाजूला कलला असेल, तर तो परत द्या.

बुटालाही वय असतं. चालायच्या बुटाचा तळ साधारण 500 ते 800 किलोमीटरपर्यंत साथ देतो. रोज चार किलोमीटर चालणाऱ्याला तो चार ते साडेसहा महिने पुरेल. वरून नवा दिसला, तरी आतला फोम दबून गेलेला असतो. लग्नाच्या मांडवाबाहेर, देवळाच्या दाराशी, मशिदीच्या पायरीशी काढून ठेवलेल्या जोड्यांचे तळ पाहायची मला आता सवयच लागली आहे. कुणाची टाच बाहेरून झिजलेली, कुणाची आतून. आपला जोड असाच उलटा करून पाहावा. एक बाजू फार झिजली असेल, तर जोड बदलावा. गुडघा किंवा टाच दुखत असेल, तर डॉक्टरांना पाय दाखवावा.

नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच, घरातल्या घरात घाला. काढल्यावर पाय नीट पाहा. कुठे लाली उठली असेल आणि ती थोड्या वेळात गेली नाही, तर तो बूट तिथे घासतो आहे. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल, तर आरसा धरावा किंवा घरच्यांना सांगावं. जखम दिसली, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावं.

पुढे अब्बांचे पाय मापले, तर उजवा नऊ नंबरचा निघाला. त्या मापाचे रुंद तोंडाचे बूट घालून ते पुन्हा चालू लागले. मात्र बूट घालण्याआधी ते तो उलटा करून आपटत आणि आत हात फिरवत. एकदा त्यातून नातवाची काचेची गोटी घरंगळत बाहेर आली. ती हातात घेऊन ते म्हणाले, ‘‘ही घेऊन मी दिवसभर हिंडलो असतो, आणि तू विचारलं असतंस तर म्हणालो असतो, लोण्यासारखे आहेत!’’

आईवडिलांसाठी बूट घ्यायचे असतील, तर त्यांचा नंबर घेऊन जाऊ नका. त्यांनाच घेऊन जा.