नमुन्याचा सर्किट बोर्ड आणि भागांची निवड

पुणें–नाशिक रस्त्यावरील कुरुळी हें गांव चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत मोडतें. मोटारींचे सुटे भाग बनविणें हा या पट्ट्याचा मोठा व्यवसाय होय. तेथील एखाद्या लहान कारखान्यांत मोटारीच्या दिव्यांचें नियंत्रण करणारा नवा सर्किट बोर्ड तयार व्हावयाचा आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. पहिला नमुना करतांनाच प्रश्न येतो कीं, त्यावर भाग कोणत्या जातीचे बसवावे?

जाती दोन आहेत. ‘थ्रू-होल’ भागांचे पाय बोर्डाच्या भोंकांतून आरपार घालून पलीकडे डाख देतात. ‘सरफेस-माउंट’ भाग मात्र पृष्ठावरच डाखले जातात. पहिल्या जातीच्या आय. सी.च्या शेजारच्या दोन पायांत बहुधा २.५४ मिलिमीटर अंतर असतें; दुसऱ्या जातींत तें कित्येकदां अवघें ०.५ मिलिमीटर भरतें. अर्थात् पहिली जात हातानें डाखण्यास, तपासण्यास व बदलण्यास सोपी. कल्पना बरोबर आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असल्यास तीच घ्यावी.

परंतु या सोयींत एक धोका आहे. लांब पायांमुळें मंडलांत थोडें जास्तीचें प्रेरकत्व शिरतें. संथ मंडलास त्याची बाधा होत नाहीं. पण वेगानें चालू-बंद होणाऱ्या मंडलाचें वर्तन त्यानें बदलतें. मग विक्रीचा माल सरफेस-माउंट असेल, तर थ्रू-होल नमुन्याची चांचणी त्या मालाविषयीं खात्री देऊं शकत नाहीं. शिवाय अनेक नव्या आय. सी. आतां लांब पायांच्या मिळतच नाहींत.

यास्तव दुसरा नमुना प्रत्यक्ष मालाच्याच जातीचा असावा. मात्र जेथें चालेल तेथें रेझिस्टर व कपॅसिटर ‘०८०५’ मापाचे, म्हणजे सुमारें २ मिलिमीटर लांब व १.२५ मिलिमीटर रुंद घ्यावे. ते चिमट्यानें धरून हातानें डाखतां येतात. मीटरची सुई टेकविण्यास तांब्याचे उघडे ठिपकेहि ठेवावे. कनेक्टर व वजनदार कपॅसिटर यांस मात्र भोंकेंच बरीं. कारण गाडीचे हादरे व तारांची ओढ तीं अधिक सोसतात.

नमुन्यांत सांपडलेला दोष एका बोर्डावर निभावतो. तोच मालांत उतरला, तर लहान कारखान्याचें भांडवल बुडावयास वेळ लागत नाहीं.